हिब्रू-ग्रीक शिकताना मराठी सोडू नका: बी.डी. आणि एम.टीएच.च्या विद्यार्थ्यांसाठी

आपल्याकडच्या सेमिनरींमध्ये, म्हणजे बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) आणि एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) शिकवणाऱ्या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या महाविद्यालयांमध्ये, बायबलच्या मूळ भाषा बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकवतात. व्याकरण इंग्रजी, कोश इंग्रजी, प्रश्नपत्रिकाही इंग्रजी. विद्यार्थी हिब्रू शब्दाचा इंग्रजी अर्थ पाठ करतो, पास होतो आणि मग जालन्याच्या नाहीतर साताऱ्याच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी मराठीत संदेश देतो. मूळ मजकूर आणि मंडळीची भाषा यांची गाठ पडतच नाही, कारण मधे इंग्रजी उभी असते. पदवीनंतर दोन-तीन वर्षांत हिब्रू बायबल कपाटात जाते, त्याला आळसापेक्षा हे कारण मोठे आहे.

म्हणून वर्ग इंग्रजीत असला तरी वही मराठीत ठेवायची. यात नवे काही नाही. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीत छापले होते, तेही बेने इस्राएल लोकांसाठी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून अख्खे बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणले. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वाट जुनी आहे, मधे तिच्यावर गवत वाढले एवढेच.

प्रवेश घेण्याआधी

प्रॉटेस्टंट विद्यार्थ्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे सेनेट ऑफ सेरामपूर कॉलेजची बी.डी. आणि त्यानंतर दोन वर्षांची एम.टीएच. सेरामपूरला पदव्या देण्याची सनद डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये दिली. पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आली, याच सेनेटशी संलग्न आहे. कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी पुण्यातच ज्ञानदीप ही संस्था आहे. त्यापुढे बायबलचाच विशेष अभ्यास करायचा असेल तर रोममधली १९०९ साली स्थापन झालेली पॉन्टिफिकल बिब्लिकल इन्स्टिट्यूट.

माहितीपत्रकात ‘हिब्रू’ असा विषय दिसला म्हणून समाधान मानू नका. प्रत्यक्ष फोन करून विचारा. भाषा किती सत्रे आहे? आठवड्याला किती तास? व्याकरण संपल्यावर नुसते मूळ मजकूर वाचण्याचे वेगळे सत्र आहे का? अर्थविवरणाच्या परीक्षेत मूळ उतारा देतात की भाषांतर? व्याकरणाची दोन सत्रे आणि वाचनाचे किमान एक, इतके नसेल तर पदवी मिळेल, वाचता येणार नाही. आणि बी.डी.त भाषा ऐच्छिक आहे म्हणून टाळली, तरी एम.टीएच.ला जुना करार किंवा नवा करार ही शाखा मिळेलच, असे गृहीत धरू नका. ज्या संस्थेत पुढे जायचे आहे तिची अट पहिल्याच वर्षी लेखी मागून घ्या.

दोन्ही भाषा एकाच सत्रात सुरू करू नका, निदान एका सत्राचे अंतर ठेवा. शाळेत संस्कृत झाले असेल तर ग्रीक आधी घ्या. नसेल तर हिब्रूने सुरुवात केली तरी चालते. हिब्रूची लिपी अवघड, पण वाक्यरचना साधी. ग्रीकची लिपी आठवड्यात येते, रूपांचा डोंगर नंतर समोर येतो.

अक्षरे आणि उच्चार

हिब्रूत २२ व्यंजने आहेत. त्यांतल्या पाचांची शब्दाच्या शेवटी रूपे बदलतात. लिहायचे उजवीकडून डावीकडे. दहा दिवस द्या, रोज अर्धा तास: पंधरा मिनिटे हाताने लिहायचे, पंधरा मिनिटे मोठ्याने वाचायचे. स्वरचिन्हे म्हणजे अक्षरांखाली-वर दिलेले ठिपके आणि रेघा. ती बारीक छपाईत एकमेकांत मिसळतात, म्हणून सरावाची पाने मोठ्या टाइपात छापून घ्या.

काही जोड्या हमखास फसवतात: बेथ आणि काफ, ‘हे’ आणि हेथ, शेवटचा मेम आणि सामेख, आणि सगळ्यांत त्रासदायक दालेथ आणि रेश. ही केवळ विद्यार्थ्याची अडचण नाही, हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्या जुन्या लेखनिकांचीही होती. २ शमुवेल ८:१३ मध्ये हिब्रू पाठात ‘अराम’ आहे आणि त्याच प्रसंगाच्या १ इतिहास १८:१२ मध्ये ‘अदोम’. स्वरचिन्हांशिवाय लिहिले तर फरक फक्त दालेथ आणि रेशचा. उत्पत्ती १०:४ मधले ‘दोदानीम’ १ इतिहास १:७ मध्ये ‘रोदानीम’ होतात ते त्यामुळेच. ही दोन उदाहरणे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, पाठभेदांचा विषय पुढे सोपा जातो.

उच्चारांत मराठी माणसाला थोडी सवलत आहे. त्सादेचा आजचा प्रचलित उच्चार म्हणजे ‘चाक’मधला च, ‘चहा’मधला नव्हे. ग्रीकच्या थीटाचा प्राचीन उच्चार सरळ आपला थ. आयिन आणि हेथ मात्र आपल्याकडे नाहीत. बहुतेक जण आयिन गिळतात आणि हेथचा ह करतात. परीक्षेपुरते ते चालते, पण लिहिताना आलेफ आणि आयिन यांची अदलाबदल होते. म्हणून शब्द पाठ करताना लिहून पाठ करा, नुसते ऐकून नको. देवनागरीतली लिप्यंतरे पहिल्या आठवड्यानंतर बंद करा. ती जितकी लांबतील तितके डोळे मूळ अक्षरांकडे जाणार नाहीत.

शब्दसंग्रह

ग्रीक नव्या करारात सुमारे १,३८,००० शब्द आहेत, पण वेगवेगळे शब्द साधारण ५,४००. त्यांतले पन्नास किंवा अधिक वेळा येणारे शब्द जेमतेम ३२०, आणि तेवढ्यांनी मजकुराचा जवळजवळ ८० टक्के भाग व्यापला आहे. हिब्रूत पन्नासपेक्षा अधिक वेळा येणारे शब्द साधारण याच्या दुप्पट आहेत. रोज दहा शब्द, आठवड्याचे पाच दिवस. शनिवारी उजळणी, रविवारी काही नाही. या गतीने ग्रीकचा हा गाभा सात आठवड्यांत होतो, हिब्रूचा तेरा-चौदा आठवड्यांत. रोज तीस शब्द करणारे विद्यार्थी चौथ्या आठवड्यात थांबतात.

कार्डाच्या पुढे मूळ शब्द, मागे मराठी अर्थ. कागदी कार्डे चालतात, फोनवरचे अँकी हे कार्डांचे अ‍ॅपही चालते. इंग्रजी अर्थ हवाच असेल तर तो कोपऱ्यात बारीक अक्षरात. हा हट्ट का, ते निर्गम २१:२९ मधल्या ‘नग्गाह’ या विशेषणावरून कळते. शिंगे मारण्याची सवय लागलेला बैल सांगायला इंग्रजीत अख्खा वाक्यांश लागतो. मराठीत ‘मारका’ म्हटले की झाले. शेतकऱ्याच्या घरातल्या विद्यार्थ्याला तो शब्द पाठही करावा लागत नाही. पण सगळेच शब्द असे सरळ उतरत नाहीत. जिथे एक मराठी शब्द पुरत नाही तिथे दोन वचनांचे संदर्भ लिहा आणि अर्थ त्या वचनांतून काढा.

स्ट्राँगच्या शब्दसूचीने प्रत्येक मूळ शब्दाला दिलेले क्रमांक वापरून अर्थ काढण्याची सवय लावून घेऊ नका. ती सूची १८९० ची आणि किंग जेम्स भाषांतरावर बेतलेली आहे. तिच्यातले अर्थ म्हणजे त्या भाषांतराने वापरलेले शब्द. यादीतला आवडलेला अर्थ उचलून वचनात बसवणे म्हणजे कोश वाचणे नव्हे.

ग्रीक: संस्कृतचा तास आठवा

शाळेत देव शब्द चालवला असेल, धातू चालवले असतील, तर ग्रीकमध्ये अर्धी ओळख आधीच झालेली आहे. सुरुवात उपपदापासून (इंग्रजीतल्या ‘द’सारख्या शब्दापासून) करा: तीन लिंगे, चार विभक्त्या, दोन वचने, एकूण २४ रूपे. ती झोपेत म्हणता यायला हवीत, कारण वाक्यातल्या नामाची विभक्ती शोधायला पुढे तीच उपयोगी पडतात. ग्रीकमध्ये विभक्त्या कमी, म्हणून एकेकीवर कामाचा बोजा जास्त. षष्ठीचे रूप आपली षष्ठी आणि पंचमी दोन्ही सांभाळते. चतुर्थीचे रूप चतुर्थी, तृतीया आणि सप्तमी. विद्यार्थी प्रत्येक ठिकाणी ‘चा-ची-चे’ लावत सुटतो आणि पौलाच्या पत्रांत अडकतो. षष्ठी दिसली की आधी विचारा: ‘चा’ की ‘पासून’?

धातूंत भूतकाळी रूपाआधी ए- लागतो, लुओचा एलुओन, जसा गच्छतिचा अगच्छत्. परफेक्टमध्ये द्वित्व होते, लेलुका, जसे चकार. मिडल व्हॉइस म्हणजे साधारण आत्मनेपद. सति सप्तमीचे काम ग्रीकमध्ये षष्ठी करते. या चार ओळी वहीत लिहून ठेवल्या तरी पाठ्यपुस्तकातले कित्येक परिच्छेद हलके होतात.

मात्र इथेच सापळा आहे. रूप सारखे म्हणून अर्थ सारखा नसतो. संस्कृतचा परोक्ष भूतकाळ आणि ग्रीक परफेक्ट यांची घडण मिळतीजुळती, पण ग्रीक परफेक्ट झालेल्या क्रियेची आत्ता टिकून असलेली स्थिती सांगतो. त्याला जवळचे मराठी रूप ‘आला आहे’, ‘लिहिलेले आहे’. योहान १९:३० मधले ‘तेतेलेस्ताई’ म्हणूनच ‘पूर्ण झाले’ एवढ्यावर थांबत नाही, ‘पूर्ण झाले आहे’ असे होते.

कृदंतांत मराठी इंग्रजीपेक्षा कितीतरी सरस आहे. वर्तमान कृदंताला ‘जाताना’, अओरिस्ट (ग्रीकमधला साधा भूतकाळ) कृदंताला ‘जाऊन’ किंवा ‘गेल्यावर’, परफेक्ट कृदंताला ‘गेलेला’. मत्तय २८:१९ घ्या. तिथले ‘जाणे’ अओरिस्ट कृदंतात आहे आणि आज्ञार्थ फक्त ‘शिष्य करा’ याला. इंग्रजीत दोन्ही आज्ञा होतात आणि त्यावर पानेच्या पाने लिहिली जातात. मराठीत ‘जाऊन शिष्य करा’ म्हटले की मूळची घडण जशीच्या तशी येते. काही प्रवचनकार तिथे ‘जाता जाता’ असा अर्थ लावतात. तसे असते तर वर्तमान कृदंत आले असते.

अओरिस्टबद्दल व्यासपीठांवरून आणखी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते, की तो ‘एकदाच, कायमचे’ घडलेली क्रिया दाखवतो. योहान २:२० उघडा. मंदिर बांधायला ४६ वर्षे लागली असे यहुदी म्हणतात आणि ‘बांधले’ हे क्रियापद अओरिस्टमध्येच आहे. अओरिस्ट क्रिया सबंध एक म्हणून पाहतो. तिला किती वेळ लागला ते संदर्भ सांगतो.

‘अगापे’ म्हणजे दैवी प्रेम आणि ‘फिलिया’ म्हणजे मानवी, हेही असेच. २ शमुवेल १३ मध्ये अम्नोनाच्या तामारेवरच्या वासनेसाठी जुन्या ग्रीक भाषांतराने अगापेचेच क्रियापद वापरले आहे. २ तीमथ्य ४:१० मध्ये देमास या जगावर प्रेम करतो तेही तेच. आणि पिता पुत्रावर प्रीती करतो असे योहान ३:३५ मध्ये एका क्रियापदाने म्हटले आहे, ५:२० मध्ये दुसऱ्याने. शब्दाचा अर्थ त्याच्या पोटात कोरून ठेवलेला नसतो. मंडळीला हे फोड करून सांगायची गरज नाही, फक्त चुकीचे सांगू नये.

ग्रीकमध्ये नाही आणि मराठीत आहे अशी एक गोष्ट भाषांतर करताना पावलोपावली निर्णय मागते: आम्ही की आपण? १ योहान १ मध्ये पहिली पाच वचने ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्या तोंडची आहेत, तिथे ‘आम्ही’. सहाव्या वचनापासून वाचकही आत येतो, तिथे ‘आपण’. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे सर्वनाम एकच. मार्क ४:३८ मध्ये वादळात शिष्य येशूला बुडण्याबद्दल बोलतात तेव्हा ते त्याला आपल्यात धरतात का? इंग्रजीतून वाचणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. वहीत अशा जागांसाठी वेगळे पान ठेवा, एम.टीएच.च्या प्रबंधाचा विषय तिथे सापडू शकतो.

हिब्रू: धातू आणि त्यांचे सात साचे

हिब्रू शब्द बहुतेक तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो आणि क्रियापदे सात मुख्य साच्यांत फिरतात: काल, निफाल, पिएल, पुअल, हिफिल, होफाल, हिथपाएल. पहिल्या सत्रात काल आणि हिफिल पक्के करा. हिफिल म्हणजे ढोबळमानाने आपले प्रयोजक क्रियापद: बसणे-बसवणे, निघणे-काढणे. पिएलला एकच अर्थ चिकटवू नका, तिथे कोश पाहावाच लागतो.

द्वितीय पुरुषातही लिंग असते, पुरुषाला वेगळे रूप, स्त्रीला वेगळे. इंग्रजी वाचकाला हे विचित्र वाटते. ‘गेलास-गेलीस’ म्हणणाऱ्याला काय वाटायचे? रूथमध्ये कोण कोणाशी बोलते आहे ते या प्रत्ययांवरूनच कळते.

उलट गोंधळ होतो तो संबंध दाखवताना. मराठीत ‘राजाचे घर’ म्हणताना राजाला प्रत्यय लागतो. हिब्रूत घराचे रूप बदलते आणि राजा तसाच राहतो, क्रमही उलटा: घर, मग राजा. नेहमी ओठांवर असलेली नावे वापरून हे पक्के करा. घर म्हणजे ‘बायिथ’, पण देवाचे घर म्हणजे ‘बेथ-एल’ आणि भाकरीचे घर ‘बेथ-लेहेम’. बायिथचे बेथ झाले तिथे ‘चे’ दडलेले आहे.

कथनात क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला येते आणि ‘आणि’ला जोडून येते. मराठीचे शेवटी. म्हणून वाचताना आधी पेन्सिलीने क्रियापदांभोवती गोल करा, मग कर्ता शोधा. योना १:३ मध्ये असे पाच गोल होतात: उठला, खाली गेला, सापडले, दिले, खाली उतरला. पाचही वेळा ‘आणि’ लिहिले तर मराठी अडखळते. ‘उठून’, ‘देऊन’ वापरून ओघ येतो. पण ‘खाली जाणे’ हा धातू दोनदा आला आहे आणि तो पुढे १:५ मध्येही येतो, तो शब्द बदलू नका. योना पायरीपायरीने खाली चालला आहे, हे लेखकाने त्या एका धातूने दाखवले आहे. सुबक मराठीच्या नादात ही पुनरुक्ती पहिली बळी जाते.

अरामी हिब्रूनंतर एका सत्रात होते. दानिएल २:४ पासून सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत, एज्राचे दोन भाग आणि यिर्मया १०:११ हे एक वचन. घाई नको.

काय वाचायचे आणि कोणत्या प्रतीतून

हिब्रूसाठी श्टुटगार्टची बिब्लिया हेब्राइका. ती लेनिनग्राड हस्तलिखितावर आधारलेली आहे, जे साधारण इ.स. १००८ चे. ग्रीकसाठी नेस्टले-आलांडची अठ्ठाविसावी आवृत्ती, २०१२ ची. पहिल्या वर्षी वाचक आवृत्ती घ्या, तिच्यात दुर्मिळ शब्दांचे अर्थ पानाच्या तळाशीच असतात.

क्रम असा ठेवा. ग्रीक: १ योहान (१०५ वचने), मग योहान, मार्क, फिलिप्पैकरांस पत्र. लूक आणि प्रेषितांची कृत्ये दुसऱ्या वर्षी. इब्री लोकांस पत्र सर्वांत शेवटी, कितीही मोह झाला तरी. हिब्रू: योना (४८ वचने), रूथ (८५), उत्पत्ती ३७ ते ५०, त्यानंतर स्तोत्रे. ईयोबाला पहिल्या दोन वर्षांत हात लावू नका. रोज तीन वचने वाचली तर योना सोळा दिवसांत संपतो. संपला की लगेच पहिल्यापासून पुन्हा वाचा. दुसऱ्या वाचनात जी गती येते तीच खरी कमाई.

वचनांचे क्रमांक जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. हिब्रूत स्तोत्राचे शीर्षकही वचन म्हणून मोजतात. मराठी बायबलमधले स्तोत्र ५१:१० हिब्रूत ५१:१२ आहे. मलाखीचे मराठीत चार अध्याय, हिब्रूत तीन. योएलचे मराठीत तीन, हिब्रूत चार. प्रबंधात संदर्भ देताना कोणता क्रमांक वापरला ते पहिल्याच तळटीपेत सांगा, नाहीतर परीक्षक चुका मोजत बसतो.

स्टेप बायबलसारखी मोफत साधने चांगली आहेत, फक्त शब्दावर बोट ठेवले की रूप सांगणारी सोय पहिले वर्ष बंद ठेवा. आधी कागदावर स्वतः रूप ओळखा, मग ताडून पाहा. उलट क्रमाने केले तर स्क्रीनशिवाय एक ओळ वाचता येत नाही.

प्राचीन जग: आपल्या गावाची मदत आणि तिचा धोका

संस्कृतीच्या अभ्यासात मराठी विद्यार्थ्याची अडचण पाश्चात्त्य विद्यार्थ्याच्या नेमकी उलटी असते. त्याला खळे, मळणी, उफणणी, बैलाच्या तोंडाला बांधलेले मुसके समजावून सांगावे लागत नाही. अनुवाद २५:४ त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते, निदान आजोबांकडून ऐकलेले. त्यामुळे त्याला वाटते सगळे आपल्यासारखेच. तिथे तो चुकतो.

पहिली चूक पावसाची. इस्राएलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आगोटीचा, मार्च-एप्रिलमध्ये शेवटचा वळवाचा, आणि मे ते सप्टेंबर आभाळ कोरडे. जव एप्रिलमध्ये कापतात, गहू मे-जूनमध्ये, द्राक्षे ऑगस्ट-सप्टेंबरात, जैतून त्यानंतर. आपण जूनमध्ये ढगांकडे पाहतो तेव्हा तिथे गव्हाची कापणी उरकत असते. १ शमुवेल १२:१७ मध्ये गव्हाच्या कापणीत मेघगर्जना होते, तेव्हा लोक का हादरतात ते या तक्त्याशिवाय कळत नाही. कागदावर बारा महिन्यांचे वर्तुळ काढा, आत इस्राएलची कामे, बाहेर आपला खरीप आणि रब्बी. आतल्या वर्तुळाला १९०८ साली सापडलेल्या गेझेरच्या शिलालेखाचा आधार घ्या. त्यात वर्षभराची शेतीची कामे महिन्यांनुसार कोरली आहेत. रूथ जवाच्या कापणीला येते आणि गव्हाच्या कापणीअखेरपर्यंत सरवा वेचते, म्हणजे किती आठवडे, ते या वर्तुळावर मोजता येते.

दुसरी चूक लग्नाची. उत्पत्ती ३४:१२ किंवा १ शमुवेल १८:२५ मधला ‘मोहर’ वाचून बरेच जण संदेशात हुंडा म्हणतात. मोहर वराकडून मुलीच्या बापाला जातो. आपल्याकडच्या अनेक समाजांत होते ते देज. हुंडा म्हटले की पैशाची दिशाच उलटते, आणि शौल दावीदाकडे काय मागतो आहे तेही.

तुलनेसाठी मूळ साधने वाचायची तर एका छोट्या उताऱ्याने सुरुवात करा. मारक्या बैलाचा कायदा, निर्गम २१:२८-३६, त्यासाठी उत्तम आहे. शेजारी बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या संहितेतली कलमे २५० ते २५२ ठेवा. ही शिळा १९०१ मध्ये सुसा येथे सापडली आणि आता पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. तिसऱ्या रकान्यात बगदादजवळच्या तेल हरमल येथे मिळालेल्या, एश्नुन्ना या प्राचीन शहराच्या कायद्यांचे कलम ५३. आता तुलना करा. एका बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर जिवंत बैलाची किंमत आणि मेलेले जनावर दोघांनी वाटून घ्यायचे, हा नियम निर्गम २१:३५ आणि एश्नुन्नामध्ये जवळपास तोच आहे. बैलाने माणूस मारला तर मात्र वाटा फुटतात. मारका बैल आहे असे बजावूनही मालकाने त्याला आवरले नाही, तर हम्मुराबी अर्धा मिना चांदी घेतो, म्हणजे ३० शेकेल, आणि दास मेला तर मिनाचा तिसरा हिस्सा, २० शेकेल. बैलाला काही होत नाही. निर्गमात दासासाठी ३० शेकेल आहेत, पण बैल दर वेळी धोंडमार करून मारायचा, त्याचे मांस खायचे नाही, आणि बजावलेल्या मालकाचा जीवही जाऊ शकतो, खंडणी मान्य झाली तरच सुटका.

इथे विद्यार्थी दोन टोकांना जातात. एक म्हणतो मोशेने नक्कल केली, दुसरा म्हणतो बायबल श्रेष्ठ. दोघांनीही काम केलेले नाही. निष्कर्ष लिहिण्याआधी तीन रकाने भरा: काय सारखे, काय वेगळे, वेगळेपणाला त्याच पुस्तकात दुसरीकडे आधार आहे का. इथे तो उत्पत्ती ९:५ मध्ये सापडतो. माणसाच्या रक्ताचा हिशोब पशूकडूनही मागितला जाईल, असे तिथे म्हटले आहे.

काळाचे भान सुटले की पार्श्वभूमीच्या नावाखाली दंतकथा शिरतात. ‘सुईचे नाक’ नावाची यरुशलेमची छोटी वेस, जिच्यातून उंट गुडघ्यावर बसून जातो, तिला पुरावा नाही. गेहेन्ना (येशू नरकासाठी वापरतो तो शब्द) म्हणजे सतत जळणारा उकिरडा, हेही येशूच्या काळातल्या कोणत्याही लेखात मिळत नाही, ते बाराशेच्या सुमाराच्या एका भाष्यापासून सुरू होते. करिंथच्या मंदिरातल्या हजार देवदासींची माहिती ग्रीक भूगोलकार स्त्राबो देतो, पण तो जुन्या करिंथाबद्दल बोलतो. ते शहर रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले. पौल ज्यात राहिला ते करिंथ ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये नव्याने वसवलेले. प्रत्येक टिपणासमोर समासात दोन गोष्टी लिहा: हा पुरावा कोणत्या शतकातला आणि कोणत्या गावातला. रिकामा समास राहिला तर ते टीपण संदेशात घेऊ नका. मिश्ना, म्हणजे ज्यू परंपरेतल्या नियमांचा संग्रह, इ.स. २०० च्या सुमाराची आहे. तिच्यातला प्रत्येक नियम येशूच्या गालीलात लागू होता, असे धरून चालणे हीसुद्धा तीच चूक.

सेवेत उतरल्यावर

मंडळी मिळाल्यावर रोजचा अर्धा तास वाचवणे हेच मोठे काम आहे. सकाळी, फोन सुरू करण्याआधी: दहा मिनिटे जुन्या शब्दांची उजळणी, वीस मिनिटे वाचन. संदेशाचा उतारा सोमवारी मूळ भाषेत वाचा आणि स्वतःचे मराठी भाषांतर करा, ओबडधोबड का होईना. मंगळवारी ते छापील मराठी बायबलच्या दोन भाषांतरांशी ताडा. जिथे फरक दिसतो तिथे थांबायचे, बाकी ठिकाणी नाही. बुधवारी पार्श्वभूमी, आणि टीकाग्रंथ, म्हणजे इतरांची भाष्ये, गुरुवारी. ते आधी उघडले की स्वतःची नजर मिटते.

व्यासपीठावरून ग्रीक शब्द उच्चारायचा मोह टाळा. समोरच्या आजीला त्यातून मिळते ते एवढेच, की तिचे मराठी बायबल अपुरे आहे. तुमच्या अभ्यासाचा उपयोग मराठी वाक्य नेमके करण्यात दिसू द्या.

एकट्याने हे टिकत नाही. बी.डी.तल्याच एखाद्या सहाध्यायाशी आठवड्यातून एकदा फोनवर अर्धा तास ठरवा. एकाने वचन मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने रूपे ओळखायची, मग अदलाबदल. एक आठवडा चुकला तर चालेल, पण दुसरा चुकायच्या आत फोन करा.